कायदा टिकतो, जाणकार टिकेल?

ऊर्जा संवर्धन कायदा 2001 मध्ये संसदेत मंजूर झाला, तेव्हा ऊर्जामंत्री होते सुरेश प्रभू. पक्षादेशाने 2002 मध्ये ते पायउतार झाले. 2003 चा वीज कायदा आला तो अनंत गीते यांच्या कारकीर्दीत. दोघेही मराठी, दोघेही शिवसेनेचे. मंत्री बदलणे राजधानीस नवे नाही. प्रश्न आहे तो कायदा राबविणाऱ्यांचा.

डॉ. अजय माथूर 2006 पासून सुमारे 10 वर्षे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे महासंचालक होते. फ्रीज-एसीवरील ताऱ्यांची पट्टी घरोघरी पोहोचली ती याच काळात. मोठ्या कारखान्यांना ऊर्जाबचतीचे लक्ष्य आखून द्यायचे आणि त्याहून अधिक बचत करणाऱ्यास तिची प्रमाणपत्रे विकू द्यायची, ही ‘पॅट’ योजनाही तेव्हाचीच. बचत हा कारखानदाराच्या ताळेबंदाचा विषय झाला. माथूर रासायनिक अभियंते, सनदी सेवेतले नव्हेत. पुढे टेरी आणि आंतरराष्ट्रीय सौर आघाडीचेही ते महासंचालक झाले. पण अशी दहा वर्षे दिल्लीत किती जणांच्या वाट्याला येतात?

2022 च्या दुरुस्तीने याच कायद्यात कार्बन बाजाराची तरतूद झाली. दोन-तीन वर्षांत बदलीचा हुकूम हाती पडणाऱ्या अधिकाऱ्याने तो बाजार कसा सांभाळावा? खाते उमगेपर्यंत त्याचे सामान बांधलेले असते. तज्ज्ञांसाठी दीर्घ मुदतीची, बढतीची वाट असलेली स्वतंत्र सेवा हवी. राजेंद्रनगरात रात्री जागणाऱ्या मराठी मुलांना कलेक्टरकी ठाऊक असते. रामकृष्णपुरमच्या सेवा भवनातील हा ब्यूरो नसतो. ज्याला ठाऊक आहे तो विचारतो, ‘तिथे गेल्यावर पुढे काय?’ त्याचे उत्तर सरकारने द्यायचे आहे.