पोटातली नळी कधी काढायची?

दोन-तीन सिझेरियननंतर पोटाचे स्नायू फाकतात, कातडी लोंबते. ती कापून स्नायू शिवण्याचे ऑपरेशन, म्हणजे ‘टमी टक’, आता आपल्या घरांतल्या बायकाही करून घेतात. नातेवाइकांना ‘हर्निया होता’ असे सांगतात, ते सांगोत बापड्या. याला नुसता नखरा म्हणणे आम्हाला पटत नाही. आमच्यापर्यंत येणारे प्रश्न बहुधा घरी आल्यावरच्या नळीचे, म्हणजे ड्रेनचे असतात.

या ऑपरेशनात कातडी आणि चरबी स्नायूंपासून बरगड्यांपर्यंत सोडवतात. तिथे पोकळी राहते आणि शरीर ती पाण्याने भरू लागते. हे पाणी बाहेर यावे म्हणून बहुधा दोन नळ्या ठेवतात. (काही सर्जन आतून जागोजागी टाके घालून पोकळीच मिटवतात, मग नळी लागत नाही.)

नळी तारीख बघून निघत नाही, माप बघून निघते. एका नळीतून चोवीस तासांत ३० मिलिलिटरपेक्षा कमी पाणी, आणि तेही सलग दोन दिवस, हा बहुतेक डॉक्टरांचा हिशेब. काही जण २० वर थांबतात. साधारण एक ते दोन आठवडे लागतात. घरात निकाह आहे म्हणून आठव्या दिवशी ओढून काढली, तर आत पाणी साचते आणि सुईने पुन्हा पुन्हा उपसावे लागते. सैल कुर्त्याखाली फुगा पिनने अडकवून निकाहाला बसता येते. पण माप कमी झाल्यावरही नळी राहू देणे चांगले नाही, कारण त्याच वाटेने जंतू आत जातात.

म्हणून घरच्यांचे खरे काम मोजण्याचे. रोज ठरलेल्या वेळी साबणाने हात धुवून फुगा मापाच्या पेल्यात रिकामा करा, प्रत्येक नळीचा आकडा वेगळा लिहा. मग फुगा पूर्ण दाबून, दाबलेला असतानाच झाकण लावा. तो फुगलेला राहिला तर ओढच लागत नाही. आकडा कमी येतो, घरात सगळे खूश होतात आणि पाणी आत साचत राहते. नळीत गुठळी अडकली तरी हेच होते. काल ८० आणि आज एकदम ५ आले, तर आनंद मानू नका, आधी नळी बघा. कातडीजवळ एका हाताने घट्ट धरून दुसऱ्या हाताच्या बोटांनी ती खालच्या दिशेने निपटायची असते, दवाखान्यातून निघण्यापूर्वी नर्सकडून शिकून घ्या. रंग लालवरून गुलाबी, मग पिवळसर होत जातो. पुन्हा एकदम गडद लाल झाला, पोट एका बाजूला टरारले, ताप आला किंवा वास येऊ लागला, तर सकाळची वाट पाहू नका.

बादली उचलली, मूल कडेवर घेतले की आकडा वाढतो. सजद्यासाठी वाकणेही डॉक्टरांनी सांगेपर्यंत टाळा. आजाऱ्याला बसून, इशाऱ्याने नमाज पढण्याची सवलत आहेच. वजूचा मसला आपापल्या मसलकाच्या आलिमांना विचारावा.

नळी काढायला काही सेकंद लागतात. त्या छिद्रातून एक-दोन दिवस थोडे पाणी झिरपते, त्याला पट्टी पुरते. पोटपट्टा सोडू नका. पुढच्या दिवसांत कूस बदलताना पोटात पाणी हलल्यासारखे वाटले, तर ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडेच जा.