जागतिक दर्जा कोणाच्या गोठ्यासाठी?

१९२० साली हिंदुस्थानातून ब्राझीलकडे निघालेली वशिंडाची जनावरे बेल्जियममधील अँटवर्प बंदरात उतरली आणि त्यांच्यासोबत बुळकांडीही उतरली. त्या धक्क्यातून १९२४ साली पॅरिसमध्ये अठ्ठावीस राष्ट्रांनी जी संघटना उभी केली, तीच आजची जागतिक पशुआरोग्य संघटना. पशुवैद्यकीय शिक्षणाचे ‘आंतरराष्ट्रीय निकष’ म्हणून ज्यांचा आज उद्घोष चालतो, त्यांचे मूळ असे व्यापाराच्या भयात आहे. म्हणून ते त्याज्य ठरत नाहीत. परंतु अभ्यासक्रमाची फेरमांडणी करू पाहणाऱ्यांनी ते विसरूही नये.

या संघटनेने नव्या पदवीधराच्या अंगी पहिल्या दिवशी कोणती क्षमता असावी हे २०१२ साली सांगितले आणि २०१३ साली गाभ्याचा अभ्यासक्रम सुचविला. तो ताळेबंद वाचला तर त्यात महागड्या यंत्रांचा हव्यास नाही. साथ ओळखणे, ती वेळीच कळविणे, जनावरांपासून माणसांना होणारे रोग रोखणे, दूध-मांसाची शुद्धता राखणे, कायदा जाणणे, अशी ही साधी सार्वजनिक कर्तव्ये आहेत. शिवाय प्रत्येक देशाची परिस्थिती निराळी असते, हेही त्यात मान्य केलेले आहे. आपल्याकडे १९८४ च्या कायद्याने पशुवैद्यक परिषद आली. तिच्या २०१६ च्या नियमांनी एक वर्षाच्या आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम घालून दिला. आता पुन्हा सुधारणेची भाषा निघते तेव्हा चर्चा मात्र दोनच गोष्टींभोवती घुटमळते : आपली पदवी परदेशात चालेल काय, आणि आपले मांस कोणत्या बाजारात खपेल?

इथे साधे अंकगणित मांडावे. पाच हजार गोवर्गीय जनावरांमागे एक पशुवैद्यक असावा, असे राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ साली म्हटले. २०१९ च्या पशुगणनेत गाई १९ कोटी २५ लाख आणि म्हशी जवळजवळ ११ कोटी. वासरे-पारड्यांचे बारकावे सोडले तरी केवळ यांच्यासाठी साठ हजार पशुवैद्यक लागतील. जवळजवळ १५ कोटी शेळ्या आणि सव्वासात कोटींहून अधिक मेंढ्या तर अजून हिशेबात आलेल्याच नाहीत. त्या येणार तरी कशा? शेळी ही भूमिहीनाची, विधवेची, भटक्या मेंढपाळाची मालमत्ता. जमिनीच्या मानाने पशुधनाचे वाटप पुष्कळच समतेचे आहे, हे अर्थशास्त्रातले जुने निरीक्षण आहे. परंतु बाजाराला गरज दिसत नाही, खिसा दिसतो. शहरातल्या कुत्र्याचा मालक शस्त्रक्रियेचे पैसे मोजतो. उस्मानाबादी शेळी फुगून मेली तर तिची मालकीण कोणाचेही शुल्क बुडवीत नाही, फक्त वर्षाचा आधार गमावते. अभ्यासक्रम बाजाराच्या हाती सोपविला, तर तो कोणत्या दवाखान्याकडे झुकेल हे सांगायला ज्योतिषी नको.

निकषांचे भक्त ज्याचे नाव सहसा काढीत नाहीत असा एक दस्तऐवजही आहे. त्याच संघटनेने २०१८ साली पशुवैद्यकांच्या हाताखालील सहायकांच्या क्षमतांचीही मार्गदर्शिका काढली. १९८४ च्या आपल्या कायद्यातही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली पदविकाधारकांना किरकोळ उपचारांची मुभा देण्याची वाट आहे. पण पदवीधर आणि पदविकाधारक यांचे नाते आपल्याकडे अधिकारांच्या भांडणात अडकलेले. बुळकांडीविरुद्धची राष्ट्रीय मोहीम १९५४ साली सुरू झाली, २००६ साली देश रोगमुक्त ठरला आणि २०११ साली जग. हे यश गावोगाव लस घेऊन हिंडणाऱ्या लसटोचकांवाचून मिळाले असते काय? पांढरपेशा विद्वत्तेला ही आठवण रुचत नाही, एवढेच.

तेव्हा दर्जा हवाच, पण त्याची परीक्षा तालुक्याच्या दवाखान्यात व्हावी. आंतरवासितेचे काही महिने मेंढपाळांच्या वाड्यावर आणि शेळीपालक स्त्रियांमध्ये सक्तीचे असावेत; लाळ्या-खुरकूत, घटसर्प, आंत्रविषार यांची साथ विद्यार्थ्याने स्वतः नोंदवून दाखवावी, आणि ती मालकिणीला तिच्या भाषेत समजावूनही सांगावी. इंग्रजीतून पाठ केलेली लक्षणे गोठ्यात उपयोगी पडत नाहीत. आणि या साऱ्याचा खर्च सरकारने उचलावा, कारण साथ शेजारच्या गोठ्यात शिरताना मालकाची ऐपत विचारीत नाही. नव्या अभ्यासक्रमाचा मसुदा आला, की प्रस्तावनेतील ‘जागतिक’ हा शब्द ओलांडून आधी त्यात शेळीला किती तास दिले आहेत ते मोजावे आणि मग अंदाजपत्रकात दवाखान्यांतील रिकाम्या जागांसाठी किती रुपये ठेवले आहेत ते पाहावे.