मोबाईल काढून घ्याल, पण हातात काय द्याल?



आपण काट्यावर किंवा गट ऑफिसात भेटलो की बोलणे ठरलेले असते. तोड कधी येणार, पहिला हप्ता किती, उतारा किती बसला. उसाला हुमणी लागली, तांबेरा आला तर आपल्याला रात्रीची झोप नसते. पण घरात जे पीक वाढते आहे त्याला कोणती कीड लागली, हे आपल्यापैकी किती जणांनी वाकून पाहिले? मी तरी पाहिले नव्हते. म्हणून आधी माझी चूक सांगतो, मग बाकीचे बोलतो.

२०२० साली करोनामुळे शाळा बंद झाल्या. अभ्यास मोबाईलवर येणार असे कळले. उसाच्या बिलातून पैसे काढून मीच नातवाला मोबाईल घेऊन दिला. तेव्हा तो पाचवीत होता. पुढे शाळा उघडल्या, पण मोबाईल काही कपाटात गेला नाही. पोरगं गोठ्यात दिसेना, तालमीत दिसेना, ताटावर बसलं तरी मान खाली. आम्ही म्हणायचो, घरात तर आहे, बाहेर कुठं हिंडत नाही, बरं आहे. नववीत गेल्यावर तो रात्री दचकून उठू लागला. मुलगा वर्गात झोपतो, असा शाळेतून निरोप आला. एका रात्री सुनेने त्याच्या अंगावरची गोधडी ओढली तेव्हा आत मोबाईल चालू होता, आणि त्यावर जे होते ते या अंकात लिहिण्यासारखे नाही. मी विचारले, "हे तुला कुणी दाखवलं?" तो रडत म्हणाला, "कुणी नाही आबा, आपोआप खालून येत गेलं."

हे "आपोआप" काय असते ते आपण नीट समजून घेतले पाहिजे. मूल एखादी चित्रफीत किती वेळ बघते, कुठे थांबते, याची नोंद यंत्र ठेवते. ज्यावर ते थांबले त्याच जातीचा माल पुढे सरकवला जातो. मूल जितका वेळ बघणार तितक्या जाहिराती, आणि तितकी कंपनीची कमाई. बघणारा अकरा वर्षांचा आहे की एकाहत्तर, याची फिकीर त्या धंद्याला फारशी नाही. आपण पाटाचे पाणी शेतात सोडतो तेव्हा दारे धरायला माणूस उभा करतो. तो नसेल तर पाणी उतार सापडेल तिकडे जाते आणि बांध फोडते. आम्ही पोराच्या हातात पाट सोडला आणि दारे धरायला कुणीच उभे राहिलो नाही. दोष निव्वळ पोराचा कसा म्हणायचा?

कायदे होत आहेत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा आपल्या संसदेने २०२५ मध्ये केला. ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते उघडू न देण्याचा कायदा २०२४ मध्ये केला आणि डिसेंबर २०२५ पासून तो लागू केला. हे चांगलेच आहे. पण कायदा गोधडीच्या आत शिरत नाही. तिथे घरच्यांनाच शिरावे लागते.

गावाने मनावर घेतले तर काय होते, याची उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून एक रीत घातली. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की घराघरातले टीव्ही आणि मोबाईल बंद. साडेआठपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे, बोलायचे. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावाच्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाईल वापरावर बंदीचा ठराव केला.

या दोहोंत मला वडगावची रीत जास्त पटते. कारण तिथे भोंगा थोरांसाठीही वाजतो. आपण ओट्यावर बसून रील बघायचे आणि पोराला पुस्तक घे म्हणायचे, हे चालणार नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शिवाय आज मोबाईल नुसता टाकूनही देता येत नाही. सातबारा त्यावर, बाजारभाव त्यावर, बँकेचा निरोप त्यावर.

पण भोंगा दीड तासाचा. उरलेल्या वेळाचे काय? मोबाईल काढून घेतला की पोरगं विचारतं, "मग करू काय?" या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नसते. शेतीत त्याला आपणच येऊ देत नाही, "तू शिक, इकडं चिखलात येऊ नको" म्हणतो. माझे म्हणणे एवढेच आहे की ज्या हाताला काही घडवता येते, त्या हाताला नुसते बोट सरकवत बसण्याचा कंटाळा येतो. मुलाला वाईटापासून राखायचे असेल तर नुसते कुंपण घालून भागत नाही, आत काही पेरावेही लागते.

हे उत्तर आमच्या केंदूरकरांना शेजारीच सापडायला हवे होते. पाबळला १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लीव्हरमध्ये संशोधक म्हणून काम केलेला हा माणूस मोठ्या शहरातली सोय सोडून आमच्या अवर्षणाच्या पट्ट्यात येऊन राहिला. शाळेतल्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हाताने काम करावे, आणि तेही खोटे खोटे नाही, गावाच्या खऱ्या गरजेचे करावे, हा त्यांचा आग्रह. वेल्डिंग, सुतारकाम, वायरिंग, शेती-पशुपालन, अन्नप्रक्रिया, आरोग्याच्या साध्या तपासण्या हे सगळे एकाच मुलाने थोडे थोडे शिकायचे. शाळा सुटलेल्या तरुणांसाठी तिथे राहून शिकायचा एक वर्षाचा अभ्यासक्रमही निघाला. डॉ. कलबाग २००३ मध्ये गेले, काम चालू राहिले.

तिथली एक गोष्ट मुद्दाम सांगतो. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने २००२ मध्ये पाबळला फॅब लॅब झाली. तिथे मुलगा पडद्यावर आकृती काढतो आणि यंत्र ती वस्तू कापून हातात देते. म्हणजे बघा, पडदा तोच. एका ठिकाणी तो पोराला गिळतो, दुसऱ्या ठिकाणी पोरगं त्याला कामाला लावतं.

माझ्या नातवाला मी सुट्टीत गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात पाठवू लागलो. पहिले आठ दिवस रुसून गेला. मग एक दिवस घरचा बंद पडलेला फवारणीचा पंप त्याने उघडला. परवा मोबाईल मागायला आला, म्हणाला, "आबा, मोटारीच्या स्टार्टरची जोडणी बघायची आहे." मी शेजारी बसून बघितली, मलाही चार गोष्टी कळल्या. सगळे सुटले असे म्हणणार नाही. अजून कधी कधी रात्री उठतो. पण आता उठला की सांगतो, हे पुष्कळ झाले.

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्या कारखान्यात फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, पॅनमन, लॅब केमिस्ट अशी तयार माणसे आहेत. कित्येक जण निवृत्त होऊन गावोगाव बसले आहेत. गाळप संपले की ओव्हरहॉलिंग सुरू होते आणि त्याच सुमारास शाळांना सुट्टी लागते. तेव्हा संचालक मंडळाने पुढील गोष्टींचा विचार करावा, अशी नम्र सूचना आहे.

एक, उन्हाळ्याच्या सुट्टीत सभासदांच्या आणि कामगारांच्या आठवीपुढच्या मुला-मुलींसाठी महिनाभराचा हस्तकौशल्य वर्ग काढावा. बॉयलर, मिल यांच्या जवळपासही मुले नकोत. वेगळी शेड, निवृत्त कारागीर, आणि शिकवणे म्हणजे राबवणे नव्हे ही अट पक्की असावी. ऊसतोड कामगारांची मुले सुट्टीपर्यंत इथे नसतात. त्यांच्यासाठी हंगामातच तळावर असा छोटा वर्ग भरवावा. आई-बाप फडात असतात तेव्हा त्या कोप्यांवर मोबाईलच पोरांचा सांभाळ करतो.

दोन, त्याच वर्गात पालकांना एक दिवस बोलवावे. मोबाईलला लगाम कसा घालायचा, पैशाची फसवणूक झाली तर १९३० आणि मूल संकटात असेल तर १०९८ हे नंबर कसे वापरायचे, एवढे जरी शिकवले तरी पुरे.

तीन, आपल्याही गावांत संध्याकाळचा भोंगा सुरू करण्याचा विषय सभासदांनी आपापल्या ग्रामसभेत मांडावा.

मुलींबद्दल एक शब्द. कुणी मुलीचा फोटो बिघडवून धमकावले तर आपण पहिले काम काय करतो? तिचाच मोबाईल काढतो आणि तिचीच शाळा बंद करतो. म्हणून मुली घरात सांगत नाहीत आणि धमकावणाऱ्याचे फावते. अठरा वर्षांखालील मुला-मुलींच्या संरक्षणासाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. गुन्हा धमकावणाऱ्याचा, तिचा नव्हे, हे आधी बापाला आणि आज्याला समजले पाहिजे. वर्गात मुलींच्या जागा अर्ध्या असाव्यात, हे त्यासाठीच.

काही मंडळी म्हणतील, कारखान्याने साखर काढावी, पोरं सांभाळायचं काम त्याचं नव्हे. तर सहकाराच्या तत्त्वांत शिक्षण आणि प्रशिक्षण हे एक तत्त्वच आहे. याच विचाराने साखर कारखान्यांच्या सभासदांनी १९७५ साली मांजरीची संस्था उभी केली, ती आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. उसासाठी आपण एवढे केले. ऊस लावणाऱ्याच्या नातवासाठी एक शेड आणि एक महिना देणे जड नाही.

दुसरे कुणी म्हणतील, पोरगं हातात पाना घेईल तर साहेब कोण होईल? शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगावच्या कारखान्यांतून आमची पदवी घेतलेली पोरं कंत्राटावर हेलपाटे घालतात, ते मी रोज बघतो. पाना येणाऱ्याला साहेब होता येते. नुसते बोट सरकवता येणाऱ्याला काय होता येते, ते ज्याने त्याने ठरवावे.

तहान लागल्यावर विहीर खणायची सवय आपल्याला आहे. निदान या बाबतीत ती मोडू या. येत्या सर्वसाधारण सभेत उसाच्या भावाइतकाच हा विषय बोलला जावा, ही विनंती.

जय सहकार!

— एक ऊस उत्पादक सभासद, केंदूर, ता. शिरूर