खंडोबाचा किडा हाती घ्यावा काय?

मागील आश्विनात आम्ही शिरूरहून न्हावरे, पारगाव असे करीत दौंड तालुक्यातील एका आप्तांच्या वस्तीवर मुक्कामास होतो. पाऊस सरत आला होता, उसाला पाणी चालू होते आणि ओसरीवरील दिव्याभोवती किड्यांची नेहमीची जत्रा भरली होती. त्या जत्रेतून बोटाएवढा एक हिरवा किडा भिंतीवर येऊन बसला आणि मान वळवून आमच्याकडे पाहू लागला. घरातील सहा-सात वर्षांच्या मुलीने हात पुढे केला मात्र, एकच गिल्ला झाला. "इखारी असतंय ते, हात लावू नको," असे तिचे वडील ओरडले. "खंडोबाचा किडा हाय, मारू नगा," असे आजींनी आतून बजावले. या दोन मतांचा निवाडा होण्यापूर्वीच कोणीतरी केरसुणी उचलली, आणि निवाडा झाला.

प्रस्तुत लेखन त्या केरसुणीविरुद्ध आहे, हे आरंभीच सांगून टाकतो.

वडिलांची भीती तेवढी खरी होती काय, एवढाच प्रश्न असेल तर उत्तर सोपे आहे. या किड्याला नांगी नसते, विषाची ग्रंथी नसते, त्याच्या लाळेने वा स्पर्शाने अंगावर फोड येत नाहीत. त्याच्यापाशी आहेत ते पुढचे दोन पाय. विळ्यासारखे मिटणारे, आतून काट्यांची रांग असलेले. मोठी मादी अंगठ्याएवढ्या जाडीच्या गोष्टीला शत्रू समजली तर हे पाय बोटावर आवळते, क्वचित चावाही घेते. टाचणी टोचल्याइतके दुखते, फार तर रक्ताचा एखादा थेंब येतो. अशा वेळी झटकू नये, ओढू नये. क्षणभर थांबावे, तो आपणच सोडून देतो. मग हात साबणाने धुवावा. याहून अधिक उपचार आम्हांस ठाऊक नाही आणि लागतही नाही.

विषाची समजूत मात्र आपल्याकडचीच नव्हे. अमेरिकेच्या दक्षिण भागात या किड्याच्या लाळेने खेचर मरते अशी समजूत होती आणि त्यावरून त्याला 'खेचरमाऱ्या' असे नावही पडले होते. उलट फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतात त्याच्या अंड्यांचा कोश दातदुखीवर औषध मानीत, असे फाब्रने लिहून ठेवले आहे. भय आणि भक्ती, दोन्हींनाही पुराव्याची फारशी गरज भासत नसावी. भीतीला एक कारण मात्र समजण्याजोगे आहे. कधी कधी या किड्याच्या पोटातून काळ्या केसासारखा लांबच लांब जंत वळवळत बाहेर येतो. ते दृश्य एकदा पाहिलेला माणूस पुढे जन्मभर दूर राहिला तर त्याला आम्ही हसणार नाही. तो जंत किड्याचा परजीवी आहे, माणसाला त्याचा उपद्रव नाही.

धोका आहे तो दुसऱ्या बाजूस. त्याचे पोट मऊ असते. चिमटीत धरले तर फुटते. कात टाकताना तो उलटा लोंबकळत असतो आणि अंग अगदी कोवळे असते. त्या वेळी नुसता धक्का लागून खाली पडला तरी पाय वाकडे होऊन बसतात. म्हणून त्याला उचलू नये, तळहात त्याच्या पुढ्यात आडवा ठेवावा, मागून बोटाने हलकेच सुचवावे आणि त्याने चढायचे की नाही हे त्याच्यावर सोपवावे. मुलांना हे एकदा दाखविले की कळते. मोठ्यांना वेळ लागतो. मात्र मुलांना एवढेही शिकवावे की दिव्याखालचा प्रत्येक किडा असा नसतो. अंगावर फोड आणणारे भुंगेरे, केसाळ सुरवंट आणि गांधीलमाशी यांना हात लावू नये. सरसकट भय दाखविल्याने मूल हा भेद शिकत नाही, सगळ्यांनाच चिरडायला शिकते.

आता नावाविषयी थोडे. पाठ्यपुस्तकी मराठीत याला 'प्रार्थना कीटक' म्हणतात. हे इंग्रजी नावाचे भाषांतर आहे हे उघड आहे, आणि ते आम्हांस खटकते. जोडलेले हात पाहणाऱ्याने प्रार्थना पाहिली. वस्तुतः ती दबा धरण्याची रीत आहे. 'खंडोबाचा किडा' म्हणणाऱ्यांचे दैवत हाती खड्ग घेऊन घोड्यावर बसलेले आहे, आणि जेजुरीचा गड दौंडकरांना शेजारच्या पुरंदर तालुक्यातच आहे. त्या नावात शस्त्र आहे, आणि देवाचा म्हणून अभयही आहे. आजींच्या एका वाक्यात हे दोन्ही होते. नाव गेले की अभय जाते, असे आम्हांस त्या रात्री वाटले. मुलीच्या वडिलांना ते नाव ठाऊक नव्हते असे नाही. त्यांना ते पुरेसे वाटले नाही.

याला 'शेतकऱ्याचा मित्र' म्हणण्याची चाल आहे. आम्ही इतके पुढे जात नाही. तो अळी खातो तशी मधमाशीही खातो, आणि भूक लागल्यास आपलीच भावंडे खातो. ट्रायकोकार्डाने खोडकिडीवर जसा नेमका मारा करता येतो तसा याच्याकडून करवून घेता येत नाही. तो शेतात आहे, एवढेच. आणि तो शेतात आहे याचा अर्थ तेथे अजून सगळेच मेलेले नाही.

ज्या ओसरीवर 'इखारी' हा शब्द आम्ही ऐकला, त्याच ओसरीच्या कोनाड्यात कीटकनाशकाची अर्धी बाटली झाकण सैल करून ठेवलेली होती. तिच्यावरचा लाल त्रिकोण मुलीच्या हाताच्या उंचीवर होता. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले; तरीही ती बाटली घरात कोणाला भयावह वाटत नाही, कारण ती मान वळवून पाहत नाही. शिरूरच्या उसात बिबट्या आहे आणि त्याची भीती रास्त आहे, संध्याकाळी मुलांना घरात घेतात ते योग्यच करतात. परंतु भीतीलाही हिशेब हवा. आम्ही बाटलीविषयी बोललो तेव्हा यजमान किंचित ओशाळले आणि ती उचलून गोठ्याच्या माळ्यावर ठेवून आले. किड्याविषयी मात्र त्यांचे मत पालटले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीने आम्हांला लिंबाच्या फांदीवर चिकटलेला, वाळलेल्या फेसासारखा भुरका गोळा दाखविला आणि हे काय म्हणून विचारले. त्यातून पुढे शेकड्याने पिले निघू शकतात हे ऐकल्यावर तिने आधी घराकडे पाहिले, मग हलक्या आवाजात विचारले, "पप्पाला सांगायचं का?" आजी जवळच शेणी थापीत होत्या. त्या म्हणाल्या, "नगं."