लेन्सवरचे नाव नको, जोड तपासा

हडपसरला दोन्ही पालख्यांच्या वाटा फुटतात: माउलींची दिवे घाटाकडे, तुकोबांची लोणी काळभोरकडे. वारी टिपायला जुना कॅमेरा घेऊन निघालेल्या नवशिक्याला एक सल्ला हमखास मिळतो: सिग्मा, टॅमरॉन, टोकिना नको, कंपनीचीच लेन्स घे.

हा सल्ला अर्धवट आहे आणि विनाकारण खर्चात पाडणारा आहे.

कंपनीची लेन्स कंपनीच्या प्रत्येक बॉडीवर चालते, हे गृहीतच चुकीचे. निकॉनचा एफ माउंट 1959 पासूनचा. तरी 2006 च्या डी40 मध्ये फोकसची मोटर नाही, त्यामुळे निकॉनचीच एएफ-डी लेन्स तिथे हाताने फोकस करावी लागते. जी प्रकारच्या लेन्सना अ‍ॅपर्चरची रिंगच नाही; फिल्मच्या एफएम10 वर त्या सर्वांत लहान अ‍ॅपर्चरलाच फोटो काढतात. आणि हा एफएम10 तरी निकॉनच्या कारखान्यातला कुठे होता? तो कोसिनाने बनवून दिलेला!

उलट टॅमरॉनची 1979 ची अडॅप्टॉल-2 मालिका पाहा. मागचा माउंट बदलला की तीच लेन्स निकॉन, कॅनन किंवा पेंटॅक्सवर बसते. चिप नाही, मोटर नाही. सगळा व्यवहार यांत्रिक, म्हणून ती आजही उपयोगी पडते.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र मान्य करायलाच हवा. कॅननने 1987 मध्ये ईओएस आणताना फोकस आणि अ‍ॅपर्चर दोन्ही विजेवर सोपवले. सिग्माने बॉडी आणि लेन्समधले ते संकेत स्वतः उलगडून लेन्स तयार केल्या. जुन्या फिल्म ईओएसवर चाललेल्या त्यातल्या कित्येक लेन्स डिजिटल बॉडीवर ‘एरर 99’ दाखवतात. कॅननच्या त्याच काळातल्या लेन्स मात्र चालतात. सिग्माने काहींच्या चिप बदलून दिल्या, सगळ्यांच्या नाहीत.

पण यातून सिद्ध होते ते इतकेच, की निकाल मॉडेलनुसार लागतो. ‘बसली म्हणजे चालली’ हेही तितकेच चूक: 1977 पूर्वीची मूळ निकॉन लेन्स एफएम2 वर रेटून बसवली, तर बॉडीचेच नुकसान होऊ शकते.

म्हणून कवडीपाटच्या पक्ष्यांसाठी सेकंडहँड झूम घेणाऱ्यांनी स्वतःची बॉडी दुकानात न्यावी. जुनी सिग्मा अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे असताना अनेकदा निमूट चालते, बारीक केले की अडते. एफ8 वर काही फोटो काढावेत, आणि एरर आला नाही तरच पैसे द्यावेत.