विरोध फुल्यांचा, मंडईही फुल्यांचीच

पुण्याच्या मंडईचा विषय निघाला की एक टोमणा ठरलेला: ज्यांनी या इमारतीला विरोध केला, त्यांचंच नाव तिला दिलं! त्यापाठोपाठ सूचना येते. भाजीबाजाराचे दिवस संपले. गाळे हलवा आणि त्या देखण्या वास्तूत एखादं संग्रहालय थाटा. टोमणा अर्धवट माहितीचा आहे. सूचना मात्र घातकच.

जोतीराव १८७६ पासून नगरपालिकेचे सभासद होते. शिक्षणाकडे दुर्लक्ष करून मंडईवर एवढा पैसा ओतायचा, याला त्यांची हरकत होती. १८८० साली व्हाइसरॉय लिटनच्या स्वागताच्या खर्चालाही ते असेच आडवे आले होते. भांडण होतं ते रयतेच्या पैशातून केलेल्या थाटामाटाशी. भाजीशी त्यांचं वैर कसं असेल? मांजरीला त्यांची शेती होती, आणि १८८२ च्या हंटर आयोगापुढच्या निवेदनात त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी आणि शेतकरी अशीही दिली आहे. १९३८ मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं गव्हर्नर रे यांचं नाव जाऊन फुल्यांचं आलं, त्यात विसंगती शोधणाऱ्यांनी हे निवेदन जरूर वाचावं.

‘साहेबाची इमारत’ हा दुसरा आक्षेप. आराखडा कर्नल डुकाटचा खरा, पण बांधली वासुदेव बापूजी कानिटकरांनी. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरायचा. मनोऱ्याकडे बघून ‘गॉथिक’ म्हणत थांबणाऱ्यांनी मान जरा खाली करावी. मधला अष्टकोन आणि त्यातून फुटलेल्या लांब भुजा. कुठल्याही बाजूनं शिरा, बाजार पायाखाली येतोच. डोक्यावर उंच छप्पर, त्यामुळे खाली गर्दी असली तरी हवा खेळती. १८८६ पासून ही रचना काम करते आहे. ती कामासाठीच केलेली आहे, आणि काम काढून घेतलं तर उरेल ती फक्त उंची.

परिसराचंही तेच. तुळशीबाग, बुरूड आळी, विश्रामबागवाडा, १९२४ चा टिळकांचा पुतळा, शारदा-गजाननाचा उत्सव: या सगळ्यांत फिरणारी माणसं पिशवी घेऊन बाहेर पडलेली असतात. तिकीट काढून येणारा पाहुणा बुरडाकडून सूप विकत घेणार नाही.

गैरसोयी आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. घाऊक बाजार गुलटेकडीला गेला, गाडी लावायला जागा मिळत नाही, कचऱ्याबद्दल तर बोलायलाच नको. पण २०२४ पासून मेट्रो थेट मंडईखाली थांबते. म्हणजे गिऱ्हाइकाला आणायची सोय झाली, आणि नेमकं आताच दुकान बंद करायचं? पैसा खर्चायचाच तर कौलं, गटारं, पाणी, माल उतरवायची जागा आणि गाळेधारकांचे रखडलेले प्रश्न यांवर खर्चा. संग्रहालयाचं अंदाजपत्रक आलंच, तर जोतीरावांच्या नावानं त्याविरुद्ध पहिला हात वर व्हावा.