एका फुलाची पाच मिनिटं

ताजमहालला जाऊन आलात? मग फोटो ठरलेले! बाकावरचा एक, कारंज्यापुढचा एक आणि घुमटाचं टोक चिमटीत धरलेला तो फेमस एक. पण आतल्या कबरींचा एकही नसणार. मुख्य घुमटाखाली फोटो काढायला बंदी आहे. आणि बॉस, खरी कमाल तिथेच आहे!

मुमताज आणि शाहजहानच्या कबरींवरची फुलं रंगवलेली नाहीत. ती पच्चीकारी आहे. संगमरवरात खाच कोरायची, अकीक, लाजवर्द अशा रंगीत दगडांच्या पातळ चकत्या घासून नेमक्या आकाराच्या करायच्या आणि त्यात चपखल बसवायच्या. पाकळीची छटा बदलली की दगडही बदलतो.

1803मध्ये आग्रा शिंद्यांच्या हातून इंग्रजांकडे गेलं. फोटोग्राफी यायला अजून अवकाश होता आणि साहेबलोकांना तर ताजची आठवण घरी न्यायची होती. मग आग्र्याचे चित्रकार कामाला लागले. विलायती कागदावर, जलरंगांत त्यांनी अख्खी इमारत तर काढलीच, पण कबरीवरच्या फुलांचे, वेलबुट्ट्यांचेही स्वतंत्र कागद केले. लतीफसारखं एखादंच नाव आज ठाऊक आहे, बाकीचे निनावीच राहिले. त्यांची चित्रं मात्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जपून ठेवली आहेत.

एकोणिसाव्या शतकात ताजमधले दगड लोकांनी उकरूनही नेले. खाच रिकामी झाली, तर तिथे काय होतं हे कोण सांगणार? असा एखादा कागदच! सुवेनिर म्हणून विकत घेतलेलं चित्र असं साक्षीदार होऊन बसतं.

परवा एका कंटाळवाण्या मीटिंगमध्ये मी ताजच्या पोस्टकार्डावरचं फूल वहीत काढायला घेतलं. तिसऱ्याच पाकळीला अडकले. देठ नेमका कुठे वळतो, हेच कधी बघितलं नव्हतं! मोबाइलमध्ये ताजचे दोनशे फोटो असूनही.

तेव्हा पुढच्या आग्रा ट्रिपला इतिमाद-उद-दौलाची कबर चुकवू नका. नूरजहाननं आपल्या आईवडिलांसाठी 1622 ते 1628मध्ये बांधून घेतलेली ही इमारत पच्चीकारीनं नुसती मढलेली आहे. तिथे मोबाइल खिशात ठेवा. एक फूल निवडा, पाच मिनिटं द्या आणि तिकिटाच्या मागे ते काढून बघा. वाकडंतिकडं आलं तरी चालेल. ते फूल मात्र तुम्ही विसरणार नाही, पैज!